उपकारस्तुती आणि मराठी मन



आपल्या घरांत आईला कोणी ‘मी आपला आभारी आहे’ असे म्हणत नाही. तो शब्द सभेचा. जिव्हाळ्याच्या ऋणासाठी मराठीत ‘उतराई’ हा शब्द आहे, आणि तोही आपण बहुधा नकारातच वापरतो : उतराई होता येत नाही. मराठी ख्रिस्ती उपासनेतील उपकारस्तुती समजून घ्यायची, तर सुरुवात येथून करावी.

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, ते ओवीछंदात. पुढे एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीते आली. शब्द मराठी, ताल परका. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे अंतर जाणवले. त्यांनी ‘अभंगांजली’ लिहिली, भजन-कीर्तन उपासनेत रुजवले, ख्रिस्ताला माउली मानले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. माउलीपुढे औपचारिक आभार गळून पडतात. उरते ती न फिटणाऱ्या ऋणाची आनंदाने दिलेली कबुली. हीच मनापासूनची स्तुती.

बमरोलीत हे बोलण्यास कारण आहे. येथील मराठी घरांतली अनेक मुले गुजरातीत शिकतात. उद्या त्यांच्या मनाची भाषा गुजराती झाली, तर टिळकांच्याच न्यायाने त्यांची स्तुतीही गुजरातीत व्हावी. मात्र मराठी त्यांच्या कानावर न पडताच सुटली, तर तो दोष भाषेचा नव्हे. घरी एक तरी अभंग त्यांच्यासोबत मोठ्याने म्हणावा, एवढीच विनंती.