शेजारची शाळा

दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेली द्वारका ही आधी नकाशावर उमटलेली आणि मागाहून जमिनीवर उभी राहिलेली उपनगरी होय. दिल्ली विकास प्राधिकरणाने तिचे सेक्टर आखले, सहकारी गृहसंस्थांना भूखंड दिले आणि शाळांसाठीही जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्रातून बदलीवर येणाऱ्या नोकरदाराला येथे घर मिळण्यास फारसे सायास पडत नाहीत. त्याची खरी परीक्षा सुरू होते ती मुलाला शाळेत घालण्याच्या वेळी.

तीन-चार वर्षांच्या बालकाला कोणत्या कारणास्तव निवडावे आणि कोणत्या कारणास्तव वगळावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पूर्वी बालकाची आणि पालकांचीही मुलाखत होई. अशोक गांगुली यांच्या समितीने तिच्याऐवजी गुणपद्धती सुचविली. परंतु गुण कशाला द्यावेत? आईबाप धूम्रपान करतात काय, मांसाहार करतात काय, असलेही निकष काही शाळांनी योजिले होते. २०१६ च्या जानेवारीत दिल्ली सरकारने असे ६२ निकष रद्द केले. उच्च न्यायालयाने त्या आदेशाला अंशतः स्थगिती दिली. बापाच्या ताटात काय आहे यावरून मुलाची योग्यता ठरविणे, यात शिक्षण कमी आणि सोवळे अधिक.

त्यामानाने अंतराचा निकष निरुपद्रवी वाटतो. २०१३ च्या डिसेंबरात नायब राज्यपालांच्या आदेशाने १०० पैकी ७० गुण शेजारास दिले गेले. परराज्यातून बदलून आलेल्यांसाठी ५ गुण होते, तेही पुढील फेब्रुवारीत काढून टाकण्यात आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने हा आदेशच रद्दबातल ठरविला. मुलाला कोठे शिकवावे ही निवड केवळ राहत्या पत्त्याने बांधली जाऊ नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. २०१७ साली सार्वजनिक जमिनीवरील २९८ शाळांपुरता हाच प्रयत्न पुन्हा झाला आणि त्यालाही स्थगिती मिळाली.

शेजारच्या शाळेची कल्पना मुळात थोर आहे. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तिचा आग्रह धरला होता. सर्व थरांतील मुले एकाच शाळेत आली म्हणजे वजनदार पालकांनाही सार्वजनिक शाळेच्या बऱ्यावाईटाची चिंता वाहावी लागेल, हे त्यातील मर्म. परंतु अंतर हे नेहमीच निःपक्षपाती नसते. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांतून फी नसते आणि प्रवेशात अंतराला मोठे महत्त्व असते. परिणाम असा की, नावाजलेल्या शाळेच्या आसपासची घरे महागतात. शाळेच्या दारात अडविलेला पैसा घरभाड्याच्या खिडकीतून आत शिरतो.

द्वारकेत चित्र निराळे आहे. येथे उंच इमारतींच्या लगतच पोचनपूर, अंबरहाई यांसारखी जुनी गावे आहेत. घरकाम करणाऱ्या बाईचे मूल आणि ती जेथे राबते त्या घरचे मूल यांच्या घरांपासून शाळा जवळजवळ सारख्याच अंतरावर असू शकते. तरीही त्यांची शाळा एक होत नाही. कारण अंतर मोजले जाते पावलांनी आणि फी मोजली जाते थैलीने. ही दरी काही अंशी बुजावी म्हणून २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेविल्या. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये, सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळांना यातून मोकळे केले. म्हणजे जो शेजार मुलांना एकत्र आणावयाचा, तोच त्यांना वेगळे ठेवण्याचे निमित्त झाला! मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत ती दुरुस्ती रद्द केली, हे योग्यच झाले.

तथापि न्यायालय अन्याय दूर करू शकते. चांगली शाळा उभारून देऊ शकत नाही. जागा थोड्या आणि इच्छुक फार असतील तेथे कोणताही निकष कोणावर तरी अन्याय करणारच. अशा वेळी निकष मोजके असावेत, आधी जाहीर व्हावेत आणि सोडत सर्वांसमक्ष निघावी, एवढे शासनाने कटाक्षाने पाहावे. पण ही झाली टंचाईची वाटणी. टंचाई हटवावयाची तर सरकारी शाळाच अशी व्हावयास हवी की, तिच्यात मूल घालताना अधिकाऱ्याला कमीपणा वाटू नये आणि मजुराला नाइलाज वाटू नये. पुरेसे शिक्षक, भरलेले ग्रंथालय, स्वच्छ पाणी आणि नियमित तपासणी, एवढ्याच गोष्टी त्यासाठी लागतात. त्या शासनाच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. ज्या दिवशी द्वारकेतील दोन्ही मुले एका बाकावर बसतील, त्या दिवशी अंतर मोजण्याची गरजही उरणार नाही.