एका अक्षराचें अंतर



‘ध’चा ‘मा’ करणें हा आपल्या भाषेंतील वाक्प्रचार सर्वांच्या परिचयाचा आहे. १७७३ सालीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. ‘धरावें’ या शब्दाचें अक्षर खोडून कोणीं ‘मारावें’ असें केलें, अशी आख्यायिका आहे. ती कितपत खरी हें इतिहाससंशोधकांनीं ठरवावें. आज मी आपणांस दुसऱ्या एका हुकूमनाम्यांतील अक्षरबदलाची हकीकत सांगणार आहें. ती मात्र निःसंशय सिद्ध झालेली असून तो हुकूमनामा आपणां प्रत्येकाच्या शरीरांत आहे.

१८६९ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें फ्रीड्रिख मीशर हा स्विस तरुण इस्पितळांतून जखमांच्या टाकलेल्या पट्ट्या आणवीत असे. त्यांवरील पुवाच्या पेशी धुऊन त्यांच्या केंद्रकांतून त्यानें एक पदार्थ वेगळा काढिला. त्यांत फॉस्फरस होता व तो प्रथिनांहून निराळा होता. तेंच न्यूक्लीइक आम्ल. आनुवंशिक गुण या पदार्थांतून वाहतात याचा भक्कम पुरावा मिळावयास मात्र १९४४ साल उजाडावें लागलें. तो न्यूयॉर्क येथें ॲव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनीं न्यूमोनियाच्या जंतूंवरील प्रयोगांनीं दिला. १९५३ मध्यें त्याची पिळलेल्या शिडीसारखी रचना कळली. या ग्रंथाची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. शिडीच्या प्रत्येक पायरीवर ‘ए’समोर ‘टी’ व ‘जी’समोर ‘सी’ असावयाचें.

हा मूळ ग्रंथ केंद्रकाबाहेर जात नाहीं. लागेल तेवढ्या भागाची नक्कल आर.एन.ए. या दुसऱ्या न्यूक्लीइक आम्लावर उतरून बाहेर पाठविली जाते. नकलेंत ‘टी’च्या जागीं ‘यू’ येतो. तीन अक्षरांचा एक शब्द, व एका शब्दाचा अर्थ एक अमिनो आम्ल. चार अक्षरांचे चौसष्ट शब्द होतात. त्यांपैकीं एकसष्ट शब्द वीस अमिनो आम्लांसाठीं राबतात आणि उरलेले तीन हे पूर्णविराम होत. हा कोश उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते. मुलतानकडील रायपूर या लहानशा खेड्यांतील पटवाऱ्याचे हे पुत्र. अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें त्यांनीं स्वतः अक्षरें जुळवून ‘यू-सी-यू-सी’ अशी लांब माळ रचिली. तिच्यापासून सेरीन व ल्यूसीन हीं दोन अमिनो आम्लें आळीपाळीनें गुंफिलेली साखळी तयार झाली. शब्द दोन किंवा चार अक्षरांचा असता तर असें होणें शक्य नव्हतें. १९६८ सालीं नीरेनबर्ग व हॉली यांजबरोबर त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां तें अक्षर. रक्तांतील प्राणवायु वाहणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्लें असतात. तींतील सहाव्या स्थानीं ‘जी-ए-जी’ हा शब्द हवा. कांहींच्या ग्रंथांत तेथें ‘जी-यू-जी’ उतरतो. ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलीन येतें, एवढेंच! परंतु ग्लुटामिक आम्लास पाण्याशीं सख्य आहे, व्हॅलीनला नाहीं. पेशींतील प्राणवायु उतरला कीं असे हिमोग्लोबिनचे कण एकमेकांस चिकटून त्यांचे ताठ दोर होतात, आणि वाटोळी मऊ पेशी विळ्यासारखी वांकडी होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाडांत असह्य कळा येतात. हाच सिकलसेलचा आजार. ही चूक व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं १९५७ सालीं केंब्रिज येथें नेमकी दाखविली.

येथें त्या तांबड्या पेशीच्या संसाराची थोडी माहिती करून घेतली पाहिजे. पेशींचें सर्व काम ए.टी.पी. या नाण्यावर चालतें. १९२९ सालीं जर्मनींत लोमान यांना, व स्वतंत्रपणें हार्वर्ड येथें फिस्के आणि आंध्रांतील भीमवरमचे येल्लाप्रगड सुब्बाराव यांना तें सांपडलें. या नाण्यावरील दोन फॉस्फेटांची शेपटी गळाली कीं आर.एन.ए.मधील ‘ए’ हें अक्षर तयार होतें; लिपीचें अक्षर आणि व्यवहाराचें नाणें एकाच धातूचें! इतर पेशी प्राणवायूच्या साह्यानें साखरेच्या एका रेणूपासून सुमारें तीस नाणीं पाडतात. तांबड्या पेशीपाशीं तो कारखानाच नाहीं आणि केंद्रकही नाहीं. तिला मिळतात फक्त दोन. पाणक्यानें गांवभर पाणी वाहावें आणि स्वतः थेंबही पिऊं नये, तशी तिची रीत. या तुटपुंज्या मिळकतींत ती आपल्या आवरणांतील क्षारांचे पंप चालविते. विळ्याच्या आकारानें आवरण झिरपूं लागलें कीं पेशींतील पाणी जातें, हिमोग्लोबिन दाट होतें व दोर अधिकच वळले जातात. एरवीं १२० दिवस जगणारी पेशी दहावीस दिवसांतच संपते.

अशी घातक चूक टिकली कशी? आईबापांपैकीं एकाकडूनच जिला ती मिळाली, त्या व्यक्तीस बहुधा कांहीं त्रास होत नाहीं, उलट मारक हिंवतापापासून संरक्षण लाभतें. ॲलिसन यांनीं १९५४ सालीं आफ्रिकेंत हें दाखविलें. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या आपल्या जिल्ह्यांत ही चूक आढळते.

अशा व्यक्तीस वाहक म्हणतात. वाहक रोगी नव्हे. परंतु पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक खेपेस अपत्य रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. पहिलें मूल आजारी निघालें म्हणजे पुढील तिघें सुरक्षित, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची होय. फासा दर वेळीं नव्यानें पडतो. पहिल्या तपासणीस बोटांतील थेंबभर रक्त पुरतें. पत्रिकेचे छत्तीस गुण जुळविणाऱ्या घरांतून ही तपासणी क्वचित् होते. आणि झाली तरी मुलगी वाहक निघतांच सोयरीक मोडणाऱ्या वरपक्षानें आपल्या मुलाचें रक्त तपासून पाहिलेलें असतें कीं नाहीं, कोण जाणे!