संगणकाच्या पोटातला संगणक



बहुतेक घरांत संगणक एकच असतो. वडिलांचा हिशेब, भावंडांचा अभ्यास, सारे त्यावरच. अशा घरातली मुलगी 'मी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहून पाहते' म्हणाली, की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ही भीती अगदीच निराधार नाही. सर्व यंत्रसामग्रीचा कारभार पाहणारा जो गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो चुकला आणि डिस्कवर भलतेच लिहिले गेले, तर घरचे दस्तऐवज गेलेच म्हणून समजा.

यावर उपाय म्हणजे एम्युलेटर. हा एक प्रोग्रॅमच आहे, पण तो हुबेहूब यंत्राचे सोंग घेतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००३ साली पुढे आणलेला क्यूईएमयू हा त्यांतला नामांकित, आणि तो मोफत मिळतो. त्याची 'डिस्क' म्हणजे आपल्या संगणकावरची एक साधी फाइल. बिघडली तर पुसावी, नवी करावी.

आत काय घडते ते ऐका. जुन्या पद्धतीच्या पीसीत बायोस डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतो. त्यांतले शेवटचे दोन ८५ आणि १७० असतील, तरच तो तुकडा स्मृतीत ३१,७४४ या पत्त्यावर ठेवून त्याच्या हाती सूत्रे देतो. एवढ्याशा चिंचोळ्या दारातून पुढे सगळा कर्नेल आत आणायचा! मग ७,५३,६६४ या पत्त्यावर एक अक्षर ठेवले, की ते पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात उमटते. या एका अक्षरासाठी नवशिक्याचा आठवडा सहज जातो.

आणि चुकले तर? प्रोसेसरला एक अडचण येते, ती निस्तरताना दुसरी, दुसरी निस्तरताना तिसरी. मग तो हात टेकतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खऱ्या यंत्रावर नुसता पडदा लुकलुकतो, कारण कळत नाही. एम्युलेटरला मात्र हवे तिथे थांबवता येते, एकेक आज्ञा पुढे सरकवत प्रत्येक रजिस्टरमध्ये काय आहे ते वाचता येते. शिक्षण खरे होते ते इथे. म्हणून पालकांनो, काळ्या पडद्यासमोर बसलेल्या मुलाला 'झाले का एकदाचे?' असे विचारू नका. 'कुठे अडले?' असे विचारा.

विद्यार्थ्यांनी कोऱ्या पानापासूनच सुरुवात करावी असे मला वाटत नाही. अमेरिकेतील एमआयटीत २००६ साली अध्यापनासाठी तयार झालेला एक्सव्ही६ हा छोटा कर्नेल पुस्तिकेसह फुकट मिळतो. तो क्यूईएमयूत चालवावा, मोडावा, पुन्हा जोडावा.

मात्र सोंग ते सोंगच. क्यूईएमयूतली स्मृती सुरुवातीला शून्यांनी भरलेली असते. खऱ्या यंत्रात तिथे काहीही असू शकते. त्यामुळे शून्य लिहायला विसरलेला कर्नेल एम्युलेटरमध्ये धावतो आणि खऱ्या पीसीवर कोसळतो. तेव्हा आपल्या प्रयोगशाळेतला एखादा मोडीत निघणारा जुना पीसी मुलांसाठी बाजूला ठेवावा, एवढी पदाधिकाऱ्यांना विनंती करून मी आपली रजा घेतो.