संगणकाचा परकायाप्रवेश

आदि शंकराचार्यांच्या चरित्रात परकायाप्रवेशाची एक कथा सांगितली जाते. मंडनमिश्रांच्या पत्नीने वादात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देता यावीत म्हणून आचार्यांनी अमरुक नावाच्या मृत राजाच्या देहात प्रवेश केला, आणि त्यांचा स्वतःचा देह शिष्यांनी एका गुहेत जपून ठेवला. राजा उठून बसला, राज्यकारभार पाहू लागला. परंतु चाणाक्ष प्रधानांच्या ध्यानात आले की, देह तोच असला तरी आत वावरणारा कोणी निराळाच आहे. कथेचा खरेखोटेपणा पंडितांनी ठरवावा. आपल्या काळात मात्र संगणकाच्या क्षेत्रात असाच एक प्रयोग घराघरांतून झालेला आहे. ॲपल कंपनीने केवळ आपल्याच यंत्रांसाठी घडवलेली मॅक ओएस ही प्रणाली, बाजारातून सुटे भाग आणून जुळवलेल्या संगणकात वसवावयाची, असा हा प्रयोग. 'हॅक' आणि 'मॅकिंटॉश' या दोन शब्दांचा सांधा करून त्याला 'हॅकिंटॉश' असे नाव पडले.

बडोद्याच्या वाडी भागात, रंगमहालापासून मांडवीपर्यंतच्या दाट वस्तीत, गायकवाडांच्या राज्याबरोबर आलेली मराठी घरे अद्याप नांदत आहेत. अशा एखाद्या घरातील विद्यार्थ्याने जमवलेल्या पैशांत संगणक घ्यावयाचा म्हटले की, तो बहुधा सुटे भाग आणून 'असेंबल' करून घेतलेलाच असतो. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीचा, डबा तिसऱ्याच कारखान्यातला. पण आयफोनसाठी ॲप घडवावयाचे तर त्याला लागणारे 'एक्सकोड' हे साधन केवळ मॅक ओएसवरच चालते. विद्या शिकण्याची इच्छा आहे, बुद्धी आहे, यंत्रही आहे. नाही ती फक्त त्या कंपनीची मुद्रा. या अडचणीतूनच परकायाप्रवेशाचा मोह उत्पन्न होतो.

हा मोह कोणत्या गावात होतो हेही पाहण्यासारखे आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी याच बडोद्यात कलाभवनाची स्थापना केली. यंत्रविद्या, रंगकाम, सुतारकाम यांसारखे विषय मातृभाषेतून शिकवावे आणि यंत्राचे अंतरंग कारागिराच्या मुलालाही कळावे, हा त्या संस्थेमागील हेतू होता. पुढे चित्रपटसृष्टीचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके हे या कलाभवनाचेच विद्यार्थी. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रशास्त्र शाखेत विलीन झाले. यंत्र उघडून पाहण्याची जिज्ञासा या नगरीला नवी नाही. म्हणूनच या प्रयोगाचा विचार नुसत्या निषेधाने किंवा नुसत्या कौतुकाने संपत नाही.

प्रथम यंत्र आणि प्रणाली यांचे नाते पाहावयास हवे. कळ दाबली की मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेला छोटा कार्यक्रम जागा होतो. जुन्या संगणकांत त्याला 'बायोस' म्हणत. आताच्या यंत्रांत त्याची जागा 'यूईएफआय' या नव्या पद्धतीने घेतली आहे. तो स्मृती, पडदा, तबकडी यांची हजेरी घेतो, तबकडीवरील 'बूटलोडर' शोधतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. बूटलोडर प्रणालीचा गाभा स्मृतीत आणतो, आणि मग तो गाभा यंत्राची सर्व सत्ता हाती घेतो. ही सूत्रे हातोहात दिली जात असताना प्रणाली यंत्राला अनेक प्रश्न विचारते: तुझे नाव काय, तुझ्याजवळ कोणते भाग आहेत, ते कसे चालवावयाचे? या प्रश्नांना अपेक्षित उत्तरे मिळाली नाहीत तर गाडी तेथेच थांबते.

घरोघरी जुळवला जाणारा संगणक हादेखील एका जुन्या अनुकरणाचीच संतती आहे. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातील बहुतेक भाग कोणालाही विकत मिळणारे होते. तिच्या हक्काचा होता तो बायोस. कॉम्पॅक कंपनीच्या अभियंत्यांनी १९८२ मध्ये त्या बायोसची एकही ओळ न उचलता, त्याचे वर्तन तेवढे पाहून, तसेच काम करणारा स्वतंत्र बायोस लिहिला. इतरांनी तोच मार्ग धरला आणि सुट्या भागांची एक जागतिक बाजारपेठ उभी राहिली. वर्तन समजून घेऊन नवे लिहिणे आणि दुसऱ्याचे लिहिलेले उचलणे, यांतील भेद या उदाहरणात स्वच्छ दिसतो. पुढील विवेचनात तो फार उपयोगी पडणार आहे.

ॲपलने मात्र देह आणि प्राण दोन्ही आपल्याच हाती ठेवण्याचे धोरण आरंभापासून पत्करले. त्याला एकच ठळक अपवाद घडला. १९९५ पासून पॉवर कम्प्यूटिंगसारख्या काही कंपन्यांना मॅकसारखी यंत्रे बनवण्याचा परवाना देण्यात आला. पण १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज कंपनीत परतल्यावर तो प्रयोग गुंडाळला गेला. त्या काळी मॅकमधील प्रोसेसरच निराळ्या जातीचा असल्याने साध्या संगणकावर ही प्रणाली चालवण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नव्हता. जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलचे प्रोसेसर स्वीकारण्याचे जाहीर केले, आणि जानेवारी २००६ मध्ये इंटेलवर चालणारे पहिले मॅक विक्रीस आले. वाडीतील डब्यात आणि ॲपलच्या चकचकीत यंत्रात आता एकाच जातीचे हृदय धडधडू लागले. परकायाप्रवेशाचे दार किलकिले झाले ते तेव्हा.

कंपनीने अर्थातच त्या दारावर पहारा ठेवला होता. इंटेल मॅकमध्ये 'एसएमसी' नावाची एक चिप असे. पंखे, तापमान, वीजपुरवठा यांवर देखरेख करणे हे तिचे काम; पण तिच्याच पोटात एक गुप्त किल्लीही ठेवलेली होती. प्रणालीचे काही महत्त्वाचे भाग कुलूपबंद असत आणि ते उघडण्यास ही किल्ली लागे. गमतीची गोष्ट अशी की, ही किल्ली म्हणजे अगम्य आकड्यांची माळ नव्हती. आमच्या श्रमांची चोरी करू नका, अशी विनवणी करणारे ते एक इंग्रजी वाक्यच होते. कुलूप उघडण्याचे काम ज्या घटकाकडे सोपवले होते, त्याचे नावही 'मॅक ओएस एक्स चोरू नका' याच अर्थाचे होते. पहारेकऱ्याच्या हाती दंडुक्याऐवजी विनंतिपत्र द्यावे, तसा हा प्रकार!

प्रत्यक्ष कृती अशी असते. सोळा गिगाबाइट किंवा अधिक क्षमतेच्या पेनड्राइव्हवर प्रणालीची मूळ प्रत उतरवली जाते. त्याच पेनड्राइव्हच्या एका लहानशा कप्प्यात 'ओपनकोअर' नावाचा बूटलोडर ठेवतात. जगभरच्या हौशी तंत्रज्ञांनी लिहिलेला हा कार्यक्रम खुला आहे. २०१९ मध्ये तो पुढे आला आणि पूर्वीच्या 'क्लोव्हर' या बूटलोडरची जागा त्याने हळूहळू घेतली. मदरबोर्डच्या मांडणीत शिरून 'सिक्युअर बूट' बंद करावे लागते, तबकडीची पद्धत बदलावी लागते, आणखीही काही कळी फिरवाव्या लागतात. त्यानंतर ओपनकोअर दुभाष्याचे काम करतो. प्रणाली विचारते, 'तू कोणता मॅक?' तो एखाद्या जवळच्या नमुन्याचे नाव सांगतो. ती एसएमसीची विचारपूस करते, तेव्हा 'व्हर्च्युअल-एसएमसी' नावाचा पूरक घटक त्या चिपचे सोंग घेऊन उत्तर देतो. ध्वनीसाठी एक, पडद्यासाठी दुसरा, जाळ्याच्या जोडणीसाठी तिसरा, असे पूरक घटक आपापल्या जागी बसवले की एखाद्या रात्री पडद्यावर ॲपलचे चिन्ह उमटते.

परंतु चिन्ह उमटले म्हणजे संसार सुखाचा झाला असे नव्हे. मांडणीच्या फाइलीत एक शब्द चुकला तरी यंत्र अर्ध्या वाटेत थांबते. एका नियंत्रकावर पंधराहून अधिक यूएसबी द्वारे प्रणाली मानीत नाही. म्हणून कोणती ठेवावयाची आणि कोणती गाळावयाची, याचा नकाशा स्वतः आखावा लागतो. एनव्हिडियाची नवी ग्राफिक कार्डे २०१८ च्या 'मोहावे' आवृत्तीपासून निरुपयोगी ठरली, आणि अनेकांना चांगली कार्डे मोडीत काढून एएमडीची घ्यावी लागली. २०२३ च्या 'सोनोमा' आवृत्तीने जुन्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांचा आधार काढून घेतला. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर चाललेले यंत्र पुन्हा अडू शकते. यासाठी जाणते लोक हा प्रयोग वेगळ्या तबकडीवर करतात, घरातले हिशेब आणि छायाचित्रे असलेली मूळ तबकडी तितका वेळ काढून ठेवतात, आणि चालू मांडणीची एक प्रत निराळ्या पेनड्राइव्हवर जपतात. शंकराचार्यांच्या शिष्यांनी गुहेत देह राखला, त्यातले शहाणपण येथेही लागू पडते.

आता न्यायाचा प्रश्न. मॅक ओएसचा परवाना स्पष्ट शब्दांत सांगतो की, ही प्रणाली केवळ ॲपलच्या नावाच्या संगणकावरच बसवावी. अमेरिकेतील सायस्टार नावाच्या कंपनीने २००८ साली मॅक ओएस घातलेले साधे संगणक विकावयास काढले. ॲपलने त्याच वर्षी तिच्यावर दावा लावला. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायालयाने प्रताधिकाराचा भंग झाल्याचा निर्णय दिला, विक्रीस मनाई झाली, आणि २०११ मध्ये अपिलातही तो निर्णय कायम राहिला. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली ६५ अ हे कलम घालण्यात आले असून, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप चुकवणे हा त्यान्वये दंडनीय अपराध आहे. कॉम्पॅकच्या उदाहरणातील भेद येथे आठवावा. ओपनकोअर लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या बुद्धीने नवे लिहिले; त्यांचे काम कॉम्पॅकच्या अभियंत्यांच्या जातीचे आहे. पण त्यावर जी प्रणाली चढवली जाते ती मात्र दुसऱ्याची, आणि तिच्या कर्त्याने घातलेली अट मोडूनच ती चढवली जाते. विद्येचा भाग निर्मळ, वापराचा भाग सदोष, असा हा मिश्र व्यवहार होय.

याची दुसरीही बाजू आहे. विकत घेतलेले पुस्तक कोणत्या खुर्चीत बसून वाचावे, हे प्रकाशकाने सांगितले तर कोणी ऐकणार नाही. मग प्रणाली कोणत्या यंत्रात चालवावी हे तरी विक्रेत्याने का सांगावे, असा सवाल तरुण विचारतात, आणि तो अगदीच फोल नाही. त्याला उत्तर असे दिले जाते की, येथे पुस्तक आणि खुर्ची वेगळी विकलीच जात नाहीत. प्रणालीवरील खर्च यंत्राच्या किमतीतूनच भरून निघतो. हा वाद मिटलेला नाही. मात्र ज्याला त्या प्रणालीवर काम करून पोट भरावयाचे आहे, त्याने आपल्या धंद्याचा पाया वादग्रस्त भूमीवर घालावा काय, याचा विचार त्यानेच करावयास हवा. ग्राहकाचे काम उद्या द्यावयाचे असताना आज रात्री यंत्र रुसले, तर दाद मागावयास कोणतेही दार उरत नाही.

काळानेही या प्रयोगाचा निकाल बराचसा लावून टाकला आहे. जून २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःच घडवलेल्या प्रोसेसरकडे वळण्याचे घोषित केले, आणि जून २०२५ मध्ये सांगितले की, 'टाहो' ही इंटेलवर चालणारी अखेरची आवृत्ती असेल. यापुढील प्रणाली ज्या प्रोसेसरसाठी लिहिली जाईल, तो बाजारात सुटा मिळतच नाही. २००६ साली किलकिले झालेले दार सुमारे दोन दशकांनी मिटत आहे. उलटपक्षी, २०२४ मध्ये निघालेला छोटा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून मिळू लागला. ही रक्कम मध्यमवर्गीय घराला लहान नाही. तरी चांगल्या सुट्या भागांचा हिशेब मांडला, त्यात बदललेली कार्डे आणि वाया गेलेल्या रात्री मिळवल्या, तर पूर्वीचे अंतर आता राहिलेले नाही, हे मान्य करावे लागते.

मग या उद्योगातून हाती काय राहिले? ज्यांनी तो निष्ठेने केला, त्यांना संगणक कसा जागा होतो, प्रणाली यंत्राशी काय बोलते, भाग भागाला कसा ओळखतो, याचे ज्ञान झाले. हीच विद्या परवान्याची कोणतीही अट न मोडता मिळवण्याचा मार्ग मोकळा आहे. लिनक्स ही खुली प्रणाली कोणत्याही जुळवलेल्या संगणकावर बसवावी, तिचा गाभा उघडून वाचावा, वाटल्यास बदलावा. तेथे कोणी पहारेकरी नाही आणि कोणाची मनाईही नाही. मॅकवाचून ज्याचे भागतच नाही, त्याने दोघाचौघांत मिळून एक छोटा मॅक घ्यावा किंवा जुना मॅक शोधावा. वाडीतल्या वाड्यांतून एका दिव्याखाली चार मुलांनी अभ्यास करण्याची रीत होतीच. एका यंत्रावर चौघांनी शिकण्यात कमीपणा कसला?

अमरुकाच्या देहात गेलेल्या आचार्यांनाही हवे ते ज्ञान मिळताच आपल्या देहात परतावे लागले. उसना देह शिकण्यापुरता असतो, कायमच्या वस्तीसाठी नसतो. परक्या यंत्रात परकी प्रणाली वसवण्यासाठी ज्यांनी रात्री जागवल्या, त्यांनी ते ज्ञान आता आपल्या स्वतःच्या निर्मितीकडे वळवावे. तसे झाले, तर कलाभवनाच्या या नगरीत ते जागरण व्यर्थ गेले असे कोणी म्हणणार नाही.