अब्दुल... पुढे काय?

आज एका नावाविषयी बोलायचे आहे. गल्लीत, गॅरेजात, एसटी स्टँडवर तुम्ही ते नेहमी ऐकता. ते नाव म्हणजे अब्दुल. खरे तर हे पूर्ण नाव नव्हे, नावाचा पहिला तुकडा आहे.

अरबीत ‘अब्द’ म्हणजे दास, बंदा. गझलांमधून आपल्या ओळखीचा झालेला ‘इबादत’ हा शब्द याच धातूचा. पुढचा ‘उल’ हा त्यानंतरच्या शब्दाशी जोडणारा दुवा. तेव्हा ‘अब्दुल’ म्हणजे ‘...चा दास’. कुणाचा, ते पुढचा शब्द सांगतो. करीम म्हणजे उदार, गफूर म्हणजे क्षमाशील. ही अल्लाहची गुणनामे. त्या उदाराचा दास तो अब्दुल करीम, त्या क्षमाशीलाचा दास तो अब्दुल गफूर. काही अक्षरांपुढे ‘ल’चा उच्चार बदलतो, म्हणून अब्दुर रहमान, अब्दुस सलाम.

आपल्या रामदास, हरिदास या नावांत हाच भाव आहे. रामदासातला राम काढला तर नुसता दास उरतो. ‘अब्दुल’मध्ये नेमके तेच होते.

घरात आई लाडाने ‘अब्दुल’ म्हणते, तिचा हक्क वेगळा. कागदांचे मात्र तसे नसते. आपल्याकडच्या अर्जांत तीन रकाने असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. तिथे ‘अब्दुल’ पहिल्या रकान्यात जाते, ‘करीम’ दुसऱ्यात. मुलाचे अर्धे नाव बापाला चिकटते! मग दाखला एक सांगतो, रेशनकार्ड दुसरेच, आणि माणूस प्रतिज्ञापत्रे करत हिंडतो.

मिरजेत स्थायिक झालेले किराना घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले. आजही त्यांचे नाव घेताना कुणी नुसते ‘अब्दुल’ म्हणत नाही. आदर असला की नाव आपोआप पूर्ण होते. पंक्चर काढणारा मात्र नुसता अब्दुल असतो. पुढे पुढे तर ते एका माणसाचे नावही राहत नाही, साऱ्या जमातीवर मारलेला शिक्का होतो. ‘ए अब्दुल’ म्हणून हाक मारली की समोरचा कोण, हे विचारायची गरजच उरत नाही.

म्हणून एवढेच सांगणे. कुणी ‘मी अब्दुल’ म्हणाला, तर विचारा, ‘भाई, पुढे काय?’ तो करीम सांगेल, हमीद सांगेल, सत्तार सांगेल. तेवढे लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी त्याला पूर्ण नावाने हाक मारा.