बंद खिडक्यांमागची हवा
पावसाळ्यात कोकणपट्टीतल्या घरांच्या खिडक्या दिवसदिवस बंद राहतात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे 420 भाग असतो. दोन माणसे झोपलेल्या बंद खोलीत तो रात्रीतून हजाराच्या वर सहज जातो. नेहमीच्या स्प्लिट एसीने यात फरक पडत नाही, कारण तो खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो.

त्याहून वाईट धूर. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांच्या एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडताना आढळले. मच्छरदाणी म्हणूनच सरस. उदबत्ती आणि फोडणीचा धूरही यात भर घालतात. कोंदट न्हाणीघरातला गॅस गिझर तर थेट जिवावर बेततो: प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो.

ओले कपडे खोलीत वाळत घातले की आर्द्रता वाढून भिंतींना बुरशी धरते. मनीप्लँटच्या चार कुंड्यांवर भिस्त नको, त्या शोभेपुरत्याच. पावसाने उघडीप दिली की समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा-पंधरा मिनिटे उघडाव्यात. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा गॅस बंद केल्यावरही थोडा वेळ चालू राहू द्यावा.