जॅक उचलतो, धरून ठेवत नाही

आमच्या जयसिंगपुरात गल्ल्या आकड्यांनी ओळखल्या जातात. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, असं मोजत गेलं की माणसाचं घर सापडतं. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं हे आखीव गाव. अशा गावात मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या दारात एक लाल गाडी येऊन थांबली. गाडी इतकी बुटकी, की पायरीवर बसलेलं गल्लीतलं कुत्रं तिच्याकडे वरून खाली बघत होतं.

गाडी माझ्या भाच्यानं आणलेली. तो इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचा व्यवसाय करतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला बंगळूरच्या सॅन मोटर्सनं 'स्टॉर्म' नावाची दोन माणसांची उघडी गाडी काढली होती. फायबरचं अंग, आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. थोड्याच गाड्या रस्त्यावर आल्या आणि प्रकरण मिटलं. त्यातली एक या पठ्ठ्यानं कुठून तरी शोधून काढली. अशा गाडीला कंपनीचं गॅरेज कुठलं असणार? एका गॅरेजात नेली, तर तिथल्या पोरानं नेहमीच्या सवयीनं जॅक कडेला लावला आणि दाराखालचं फायबर कडकन तडकलं. त्या दिवशी भाच्यानं ठरवलं, आता तेल बदलणं असो की ब्रेकचे पॅड, सगळं घरीच करायचं.

मी बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. पाना हातात धरायचा कसा, हे मला अजूनही नीट जमत नाही, आणि माझे वडील मिस्त्री होते हे सांगितलं तर लोक हसतात. पण त्या रविवारी सकाळी मी चहा घेऊन अंगणात आलो तेव्हा भाचा गाडीचं पुढचं एक चाक कैची जॅकवर उचलून, शेजारच्या बांधकामावरच्या चार विटा खाली रचत होता. माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी ओरडलो. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत सांगतो. "बाहेर ये. आधी बाहेर ये, मग बोलू."

"मामू, पाच मिनिटांचं काम आहे."

हे पाच मिनिटांचं काम मी लहानपणी पाहिलं होतं.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. सांगली-कोल्हापूर रस्त्याला लागून अब्बांचं पत्र्याचं गॅरेज होतं. तंबाखूच्या बोदांनी भरलेले ट्रक तेव्हा जयसिंगपूरच्या बाजारातून सतत निघायचे. एका ट्रकचे मागचे पाटे बदलायचे होते. जॅक लावला, खाली विटा ठेवल्या. अब्बा नट आणायला आत गेले आणि हाताखालचा पोरगा खाली सरकला. आवाज मोठा झाला नाही, हे मला आजही चमत्कारिक वाटतं. एक वीट फुटल्याचा आवाज, मग ट्रक जरासा बसल्यासारखा झाला, आणि मग तो पोरगा. जीव वाचला. डावा हात कोपरापासून गेला. पुढं त्यानं बसस्टँडजवळ पानाचं दुकान टाकलं आणि अब्बा हयात असेपर्यंत दर महिन्याला त्याच्याकडे जात होते. पान ते खात नसत.

त्या घटनेनंतर अब्बांनी गॅरेजातून विटा हद्दपार केल्या. मिरज-कोल्हापूर रेल्वे रुंद झाली तेव्हा निघालेले जुने लाकडी स्लीपर त्यांनी कुणाकडून तरी विकत घेतले, कापून ठोकळे केले आणि ते एकावर एक आडवे-उभे रचून त्यावर गाडी टेकवू लागले. कारण विचारलं तर एवढंच म्हणायचे, "लाकूड आधी करकरतं. वीट सांगत नाही." यात मोठं पदार्थविज्ञान आहे, हे मला भाच्यानं परवा समजावलं. वीट सगळीकडून सारखा भार आला तर बरंच वजन पेलते, पण भार एका कोपऱ्यावर आला की एकदम तुटते. लाकूड दबतं, चिरतं, आवाज करतं, पळायला वेळ देतं.

आणि जॅक? हायड्रॉलिक जॅकमागचं तत्त्व सतराव्या शतकातल्या पास्कलचं, आणि १७९५ मध्ये ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिरानं त्यावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं. बंदिस्त तेलावर छोट्या दट्ट्यानं दाब दिला की मोठा दट्ट्या कितीतरी जास्त जोरानं वर जातो. म्हणजे सबंध गाडी एका रबरी कडीच्या आणि थोड्या तेलाच्या भरवशावर उभी असते. कडी झिजली, झडपेत कचरा अडकला, तर जॅक हळूहळू बसतो. कधी हळूहळू नाहीही. कैची जॅकला तेल नसतं, पण त्याचा पाया तळहाताएवढा. जमीन जराशी कलती असली की तो आडवा होतो. चाक बदलायला तो ठीक. त्याच्या भरवशावर खाली शिरणं म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याखाली झोपणं.

मग आम्ही दोघांनी बसून पद्धत ठरवली. म्हणजे त्यानं ठरवली, मी शंका काढल्या. कवीला ते चांगलं जमतं.

पहिला प्रश्न जमिनीचा. आमच्या अंगणातली शहाबादी फरशी खालून पोकळ झाली आहे. एका जागी जोर आला की ती फुटणार. डांबरी रस्ता उन्हाळ्यात मऊ पडतो, आणि शिरोळ तालुक्याच्या काळ्या मातीबद्दल तर बोलायलाच नको. तेव्हा मागच्या बाजूचा सिमेंटचा सपाट कोबा निवडला. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हातब्रेक ओढलेला. पण बहुतेक गाड्यांत हातब्रेक मागच्या चाकांना धरतो. मागची बाजू उचलली की तो नावापुरता उरतो. म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावल्या. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले. उचललेल्या गाडीवर पान्याला हिसके द्यायचे नसतात.

दुसरा प्रश्न बुटकेपणाचा. साधा ट्रॉली जॅक या गाडीखाली शिरतच नाही. शिरला तरी त्याचा दांडा वर-खाली करायला जागा मिळत नाही. यावर उपाय अगदी गावठी निघाला. दीड-दोन इंच जाडीच्या रुंद फळ्या टाकून गाडी हळूच त्यांवर चढवली, की जॅकला वाट मिळते. बाजारात बसक्या तोंडाचे जॅकही मिळतात, भाच्यानं पुढं तो घेतलाच. उचलताना आणखी एक गंमत मी पाहिली. जॅकचा हात कमानीतून वर जातो, त्यामुळे जॅक स्वतः थोडा पुढं सरकावा लागतो. त्याची चाकं खडीत अडकली तर तो सरकत नाही, गाडीलाच ओढतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक: लावायचा कुठं? फायबरला तर नाहीच. तेलाच्या टाकीच्या बुडाला नाही, पातळ पत्र्याला नाही. लोखंडी सांगाड्याच्या जाड, सरळ भागालाच, आणि मध्ये लाकडाचा तुकडा किंवा रबराची चकती. नेहमीच्या पत्र्याच्या गाड्यांना दाराखालच्या कडेला पुढच्या चाकामागं आणि मागच्या चाकापुढं खाचा असतात, त्या त्यासाठीच. गाडीसोबतच्या पुस्तिकेत चित्र असतं. ते पुस्तक आपण प्लास्टिकमधून कधी काढत नाही, ही गोष्ट वेगळी.

गाडी उचलली, की लगेच सांगाड्याखाली लोखंडी घोड्या. दोन, जोडीनं, सारख्या उंचीवर. त्यांवर किती वजनाच्या आहेत हे लिहिलेलं असतं. भाच्यानं आडवी खीळ घालायच्या घोड्या आणल्या. २०२० साली अमेरिकेत दातेरी घोड्यांमध्ये दोष निघून त्या मोठ्या संख्येनं परत मागवाव्या लागल्या होत्या. खटका निसटून घोडी एकदम खाली बसण्याचा धोका होता. ज्यांनी त्या घेतल्या त्यांनी सगळं नियमानं केलं होतं. म्हणून एका आधारावर थांबायचं नाही. जॅक किंचित टेकलेला ठेवायचा, काढलेलं चाक सांगाड्याच्या कडेखाली आडवं सरकवायचं. आमच्याकडे शिवाय अब्बांचे ठोकळे होतेच. माळ्यावरून मी ते उतरवले तेव्हा त्यांना अजून डांबरतेलाचा वास होता.

मग भाच्यानं गाडीला दोन्ही हातांनी चांगलं हलवलं. पडायची असेल तर आत्ताच पडू दे. नाही पडली. तेव्हा कुठं तो खाली गेला, आणि मी कोंबड्या आणि शेजारची पोरं हाकलत तिथं खुर्ची टाकून बसलो. खाली माणूस असताना वर कुणीतरी असावं. त्या चाळीस मिनिटांत मी एक ओळही लिहिली नाही.

नोव्हेंबरात एका रात्री आम्ही उदगावहून परत येत होतो. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरची उसानं भरलेली ट्रॉली कलंडल्यासारखी उभी. मोबाइलच्या उजेडात एकजण खाली निम्मा शिरलेला, एका बॉटल जॅकवर आणि रस्त्याच्या कडेच्या दोन दगडांवर सगळा भार. हंगामात हे दृश्य आपण सगळेच बघतो आणि हॉर्न वाजवून पुढं जातो. आम्ही थांबलो. ड्रायव्हर म्हणाला, "काका, पाच मिनिटांचं काम आहे."

भाच्यानं त्याच्याशी वाद घातला नाही. "नुसता बाहेर बस, मी येईपर्यंत," म्हणाला आणि घरी जाऊन ठोकळे घेऊन आला. आम्ही तिघांनी ते दोन-दोन आडवे, दोन-दोन उभे रचले. ट्रॉली त्यावर टेकली तेव्हा लाकूड एकदाच करकरलं. सगळे मागं सरकलो. मग काही झालं नाही. टायर बदलून झालं तेव्हा साडेअकरा वाजले होते. ठोकळे सकाळी आणून देतो म्हणाला. मी गल्लीचा आकडा सांगितला. तो चुकून पुढच्या गल्लीत एका घरी ठेवून गेला. दोन दिवसांनी त्या घरच्या आजोबांनी निरोप पाठवला, "मिस्त्रींचे ठोकळे आमच्याकडे आलेत, घेऊन जा." अब्बांना जाऊन एकवीस वर्षं झाली. त्यांनी ते वासावरूनच ओळखले होते.